शून्य कुठं ठेवलंय?

दोस्तांनो, एक पट्टी आणि एक पेन्सिल घ्या. पेन्सिलीचं मागचं टोक पट्टीवरच्या ३ च्या रेघेवर ठेवा. समजा, पुढचं अणकुचीदार टोक १० च्या रेघेवर आलं. सांगा बघू, पेन्सिल किती लांब?

"१० सेंटिमीटर!" असं ओरडणारे प्रत्येक वर्गात असतातच. जरा सावध मुलं ३, ४, ५ अशी बोटं मोजत १० पर्यंत जातात आणि "८" म्हणतात. बरोबर उत्तर आहे ७. रेघा मोजायच्या नसतात, दोन रेघांमधल्या जागा मोजायच्या असतात. शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्यांना हे उदाहरण कधी ना कधी भेटतंच. अमेरिकेत २००३ साली देशभरातल्या चौथीच्या मुलांना असाच प्रश्न घातला होता. तुटक्या पट्टीवर दात कोरायची काडी, एक टोक ८ इंचांवर, दुसरं साडेदहावर. बहुतेकांचं उत्तर चुकलं! तेव्हा तुमचं चुकलं असेल तर एकटे समजू नका.

गंमत अशी, की या मुलांना पट्टी वाचता येत नव्हती असं नाही. शेवटचा आकडा अनेकांनी नीट वाचला होता. मोजायला सुरुवात कुठून झाली, हे विचारायचं राहिलं. आणि ही सवय बाकावर बसून लागत नाही, ती एखाद्या गावात फिरून लागते असं आमचं मत आहे. त्यासाठी आपण सोलापूर निवडू या. सोलापूरच का, ते हळूहळू कळेल. बरोबर शिंप्याकडे असते तशी टेप, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि एक वही घ्या. झालं सामान!

पुण्याहून गाडीत बसलात की खिडकीतून रुळांच्या कडेच्या पाट्या बघत चला. त्यांवर किलोमीटरचे आकडे असतात. सोलापूर आलं की हा आकडा ४५५ च्या आसपास पोचतो. मग पुणे ते सोलापूर ४५५ किलोमीटर? नाही हो! हे आकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरू होतात. पुणे तिथून १९२ वर आहे. म्हणजे आपला प्रवास ४५५ वजा १९२, बरोबर २६३ किलोमीटर. बघा, ३ पासून ठेवलेली पेन्सिलच आहे ही, फक्त जरा लांब!

वाटेत कंटाळा आला तर एका किलोमीटरच्या पाटीपासून पुढच्या किलोमीटरच्या पाटीपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा आणि ३६०० ला त्या संख्येनं भागा. ४५ सेकंद लागले तर गाडी ताशी ८० किलोमीटरनं पळतेय. डब्यातल्या मोठ्या माणसांना आधी अंदाज करायला सांगा. बहुतेक जण "शंभरच्या वर असेल" असं ठोकून देतात.

सोलापूरच्या आधी कुर्डुवाडी लागतं. इथं आजी-आजोबांना विचारा, बार्शी लाईट आठवते का? एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही चिमुकली रेल्वे बांधली आणि १८९७ साली ती कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली. पुढं ती लातूरला गेली, पंढरपूरला आणि मिरजेलाही गेली. तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर होतं. मोठ्या गाडीचं अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. दोन्हींची वजाबाकी करून पाहा. बरोबर ३ फूट येतात, म्हणजे एक वार! या एका वारापायी मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळावर जाऊ शकत नसे. कुर्डुवाडीला माल एका गाडीतून उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत चढवायचा. सोलापूरजवळच्या होटगीहून विजापूर-गदगकडे जाणारी गाडी आणखी तिसऱ्याच मापाची, १ मीटरची होती. एका जिल्ह्यात तीन मापं! आता या सगळ्या मार्गांची रुंदी मोठ्या गाडीइतकीच केलेली आहे.

रुळांमधलं अंतर म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत? रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत, की बाहेरून बाहेर? ते आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात, कारण चाकाची कड तिथंच टेकते. (हे फलाटावरूनच बघायचं बरं का! टेप घेऊन रुळात उतरायचं नाही.)

सोलापूर स्टेशनात उतरल्यावर फलाटाच्या टोकाच्या पिवळ्या पाटीकडे बघा. गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. पण समुद्र आहे कुठं? कित्येक डोंगर ओलांडून, शेकडो किलोमीटर पलीकडे. फलाटावर उभं राहून ज्याचं शून्य दिसतसुद्धा नाही, असं हे माप. वहीत आकडा लिहून घ्या आणि गावात चला.

सोलापूर म्हणजे चादर. मऊ-जाड, दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणारी सोलापुरी चादर तुमच्याही घरी असेल. तिला २००५-०६ च्या सुमाराला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव सोलापूरच्या चादरीलाच लावता येतं. कापडबाजारात चाटी गल्लीत शिरा. दुकानदार गिऱ्हाईक बघून कधी मराठीत, कधी कानडीत, कधी तेलुगूत भाव सांगत असतो. माप मात्र तो इंचांतच सांगतो, "साठ बाय नव्वद". आपण सेंटिमीटर शिकलेलो, तेव्हा २.५४ नं गुणा. रुंदी सुमारे १५२, लांबी सुमारे २२९ सेंटिमीटर.

आता खरी परीक्षा. काही चादरींच्या टोकांना दशा सोडलेल्या असतात. टेप काढून विचारा, "काका, हे नव्वद इंच दशा धरून, की सोडून?" चांगला दुकानदार हसेल आणि म्हणेल, "हुशार हाईस की रे बाळा!" दोन्ही टोकांना दोन-दोन इंच दशा असतील तर अंगावर येणारं कापड ८६ इंचच उरतं. उंच माणसाची पावलं थंडीत बाहेर राहणार की आत, हे या चार इंचांवर ठरतं. पैसे तर आपण नव्वदचे मोजले!

आणि टेप कोणती आहे तेही पाहून घ्या. शिंप्याच्या टेपचं शून्य अगदी तिच्या टोकावर असतं. तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीचं शून्य बहुधा काठापासून थोडं आत असतं. सुताराच्या पत्र्याच्या टेपला टोकाशी छोटा आकडा असतो आणि तो थोडासा पुढंमागं हलतो. "ढिला झालाय" असं समजून काही जण तो ठोकून घट्ट करतात. करू नका! आकड्याच्या पत्र्याची जेवढी जाडी, तेवढाच तो हलतो. फळीच्या कडेला अडकवून ओढला तर आकड्याची जाडी मापातून गळते. खोक्याच्या आतल्या भिंतीला टेकवून दाबला तर ती मापात येते. दोन्ही वेळा माप अचूक. ज्यानं हे पहिल्यांदा शोधून काढलं त्याला आमचा नमस्कार.

पालकांनो, इथं दोन ओळी तुमच्यासाठी. मुलाला मोजता येतं की नाही हे पाहायचं असेल तर जुन्या टेपचे पहिले काही सेंटिमीटर कापून टाका आणि उरलेली त्याच्या हातात द्या. टेबलाची लांबी आधी नजरेनं सांगायला लावा, मग मोजायला. उत्तर किती आलं यापेक्षा त्यानं टेप कुठून धरली ते पाहा. दहा लेखी उदाहरणांत जे कळत नाही, ते तेवढ्यानं कळतं.

दुकानातून निघायच्या आधी "वार" हा शब्द कानावर पडेलच. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून किलो-ग्रॅम येऊ लागले आणि १९६२ पर्यंत मीटर, लिटर, किलो सगळीकडे सक्तीचे झाले. पण आजीची साडी नऊवारीच राहिली! एक वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. नऊ वार म्हणजे किती, ते तुम्हीच काढा. उत्तर सव्वाआठ मीटरच्या थोडं अलीकडे यायला हवं.

चादर विणली जाते गावाच्या पूर्व भागात. गल्लीत शिरलात की यंत्रमागांची खटखट ऐकू येते. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. सुताची जाडी कशी सांगतात माहीत आहे? पट्टी लावून धाग्याची जाडी मोजणं कठीण, म्हणून विणकरांनी युक्ती केली. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तो त्या सुताचा नंबर. १० नंबरच्या एका पौंडात ८४०० वार धागा, २० नंबरच्या पौंडात १६,८००. म्हणजे नंबर मोठा, तर सूत बारीक! पहिल्यांदा ऐकताना सगळे गोंधळतात.

हिशेब पुढं नेऊ. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. १० नंबरच्या एक किलो सुतात जवळजवळ १७ किलोमीटर धागा असतो. समजा, या सुताची चादर सव्वा किलोची आहे. मग तिच्यात २१ किलोमीटर धागा झाला. अशा दोन चादरी उसवून धागा रस्त्यावर पसरला तर तो सोलापूरहून अक्कलकोटपर्यंत पोचेल. (उसवू नका! आईच्या चादरी आहेत त्या.)

याच गल्ल्यांमध्ये दारापुढं ओळीनं उभे असलेले ड्रम दिसतील. निळे, काळे, काही पत्र्याचे. सोलापूरकरांनी वर्षानुवर्षं रोज नळ उघडलेला नाही. कधी दोन दिवसांआड, कधी चार-पाच दिवसांआड पाणी आलं, आणि आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. त्यामुळं घनफळ हा धडा इथली मुलं पुस्तकाच्या आधी अंगणात शिकतात.

एक उदाहरण सोडवा. घरात पाच माणसं. २०० लिटरचे ३ ड्रम आणि १२ लिटरच्या १० घागरी. एकदा भरलेलं पाणी ४ दिवस पुरवायचं. एकूण पाणी ६०० अधिक १२०, म्हणजे ७२० लिटर. दिवसाला १८० लिटर आणि माणशी ३६. यात पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं, भांडी, सगळं आलं. शहरांच्या पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. आता तुमच्या बादलीत किती लिटर मावतात ते मोजून पाहा आणि सकाळच्या आंघोळीला किती लागल्या ते लिहा. छत्तिसांतले किती उरले?

सोलापूरला हे पाणी मुख्यतः उजनीहून येतं. एक दिवस मोकळा ठेवून उजनीला जाच. पुण्याच्या रस्त्यानं साधारण शंभर किलोमीटर, टेंभुर्णीच्या पुढं भीमानगर, तिथं भीमा नदीवर हे धरण आहे. १९८० साली बांधून झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर. पलीकडचा काठ नीट दिसत नाही इतकं पाणी. भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांच्यासाठी लोक लांबून येतात.

पण आम्ही तुम्हाला इथं आणलं ते वर्तमानपत्रातल्या एका बातमीसाठी. सोलापूरच्या वर्तमानपत्रांत बहुतेक उन्हाळ्यांत मथळा येतो, "उजनी उणे २० टक्के", "उणे ३५ टक्के". २०२४ च्या उन्हाळ्यात तर आकडा उणे ६० टक्क्यांच्या आसपास पोचला होता. चौथी-पाचवीतलं कुणीही विचारील, "बाबा, धरणात शून्यापेक्षा कमी पाणी कसं हो असेल?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर न देता "गप्प बस, अभ्यास कर" म्हणणाऱ्या बाबांना पुढचा भाग वाचायला द्या.

घरातला तोटीचा माठ आठवा. तोटी तळापासून चार बोटं वर असते. पाणी तोटीच्या खाली गेलं की तोटीतून थेंब येत नाही, पण माठात पाणी असतंच. पेल्यानं काढलं तर मिळतं. आता तुम्ही माठावर खुणा करायला बसलात आणि शून्याची खूण तळाशी न करता तोटीपाशी केलीत, तर तोटीखालच्या पाण्याला काय म्हणाल? उणेच म्हणाल ना! उजनीचं तसंच आहे. धरण पूर्ण भरलं की त्यात ११७ टीएमसी पाणी मानतात. त्यातलं वरचं सुमारे ५३.५ टीएमसी हे उपयुक्त पाणी, खालचं सुमारे ६३.५ टीएमसी हा मृतसाठा. मृतसाठ्याच्या वरच्या रेषेवर धरणाचं शून्य ठेवलेलं आहे आणि टक्के मोजतात ते उपयुक्त पाण्याचे. म्हणून १०० टक्के म्हणजे ११७ टीएमसी, ० टक्के म्हणजे ६३.५, आणि उणे ६० टक्के म्हणजे ६३.५ मधून ५३.५ च्या ६० टक्के वजा. ३२ टीएमसी गेले, साडेएकतीस उरले.

"अरे, मग घाबरायचं कशाला? भरपूर आहे की!" असं वाटलं ना? थांबा. तळाशी इतक्या वर्षांचा गाळ साचलाय, त्यामुळं खरं पाणी कागदावरच्या आकड्याहून कमी. शिवाय ते सहज हाती येत नाही. पातळी खाली गेली की शहराकडे पाणी आणणाऱ्या पंपांपर्यंत ते पोचवायला आणखी पंप बसवावे लागतात. सोलापुरात याला दुबार पंपिंग म्हणतात, आणि त्याहून खाली गेलं की तिबार. तेव्हा "उणे" वाचून धरण कोरडं पडलं असं समजणारा चुकतो, आणि "पाणी आहे की" म्हणून नळ सोडून ठेवणाराही चुकतो. दोघांनीही आकडा वाचला, शून्य कुठं आहे ते पाहिलं नाही.

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावतं. म्हणजे १ टीएमसीत सुमारे २,८३० कोटी लिटर. त्यातून १२ लिटरच्या घागरी किती भरतील, हे सुट्टीत करायचं गणित.

परतताना इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवची गोष्ट ऐका. हे जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. तिथलं पळसनाथाचं दगडी देऊळ एरवी पाण्याखाली असतं आणि पाणी फार उतरलं की बाहेर येतं. काठावरच्या लोकांना टक्केवारी वाचायची गरज नाही. कळस दिसला, सभामंडप दिसला, यावरून पाणी किती उतरलं ते त्यांना समजतं. ही मोजपट्टी दगडाची आहे आणि तिच्यावर एकही आकडा नाही.

सोलापुरात परत आलात की संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर जा. मध्ये देऊळ, चारी बाजूंना पाणी, शेजारी भुईकोट किल्ला. संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वराची यात्रा भरते, तेव्हा सात उंच नंदीध्वज मिरवत निघतात. त्यांची उंची मोजायला वर चढावं लागत नाही. मीटरभर काठी उभी धरून तिची सावली मोजायची, मग नंदीध्वजाची. जानेवारीच्या मध्याला भर दुपारी सोलापुरात मीटरभर काठीची सावली सुमारे ८० सेंटिमीटर पडते. नंदीध्वजाची सावली समजा ६ मीटर भरली, तर उंची साडेसात मीटर. मात्र काठी जमिनीवर टेकलेली आहे, की धरणाऱ्यानं उचललेली, हे आधी पाहा!

भर दुपार म्हणजे बारा वाजता असंही समजू नका. आपली सगळी घड्याळं उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताप्रमाणे चालतात. सोलापूर त्याच्या बरंच पश्चिमेला आहे, म्हणून इथं सूर्य सरासरी २६ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. जानेवारीच्या मध्याला तर साधारण १२ वाजून ३५ मिनिटं होतात.

मे महिन्यात सुट्टीला सोलापुरात असाल तर १० आणि ११ तारीख मोकळी ठेवा. उन्हाळा कडक असतो, टोपी घाला, पाणी प्या. सपाट गच्चीवर एक नळीचा तुकडा अगदी सरळ उभा करा. १२ वाजल्यापासून त्याची सावली दर पाच मिनिटांनी मोजून वहीत लिहा. ती आखडत जाईल आणि १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमाराला नळीच्या बुडाशी नाहीशी होईल. त्या वेळी नंदीध्वजाची उंची सावलीवरून काढता येईल का, याचं उत्तर नळीजवळ उभं राहून द्या. ऑगस्टच्या २-३ तारखेलाही असंच होतं, पण तेव्हा ढग असतात.